साडेपाचची हाक

सुरुवातीचं वजन ८३ किलो. उंची पाच फूट एक इंच, वय ४६. आज हे आकडे सरळ लिहिते आहे, पण चौदा महिन्यांपूर्वी ते माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हते. वजनकाटा पलंगाखाली असायचा आणि घरात कुणी नसलं की मी तो बाहेर काढायचे.

आमचा पोळी-भाजीच्या डब्यांचा व्यवसाय आहे. राहायला नाशिकच्या तिडके कॉलनीत. दुपारचे ४२ डबे जातात, काही कॉलेज रोडच्या मुलांना, काही ऑफिसांत, चार-पाच एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना. सकाळी साडेसहाला गॅस पेटतो तो साडेअकराला बंद होतो. एवढा वेळ उभं राहणं, लाटणं, पातेली उचलणं. त्यामुळे मला कायम वाटायचं, इतकी राबते तरी वजन वाढतं कसं? थायरॉइडच असणार, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. मे महिन्यात गुडघे फार धरले म्हणून डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी रक्त तपासून घेतलं. थायरॉइडचा रिपोर्ट अगदी व्यवस्थित आला. पण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ती एचबीए१सी तपासणी ६.२ निघाली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह झालेला नाही, पण उंबरठ्यावर आहे.

माझ्या आईच्या पायाचा अंगठा मधुमेहात गेला. तिची जखम मी या हातांनी आठ महिने धुतली आहे. तो रिपोर्ट घेऊन मी दवाखान्यातून निघाले आणि घरापर्यंत चालत आले, रिक्षा करायचं भानच राहिलं नाही.

याआधी प्रयत्न केले नव्हते असं नाही. एकदा जिमची वर्षाची फी एकरकमी भरली आणि एकोणीस दिवस गेले. एकदा पावडर दुधात घालून पिण्याचं एक केंद्र लावलं. तीन महिन्यांत ७ किलो उतरले, पावडर परवडेना म्हणून बंद केली तर पुढच्या पाच महिन्यांत ९ चढले. केंद्र चालवणाऱ्या बाईंनी नंतर माझा फोन घेतला नाही. एकदा भात-पोळी दोन्ही सोडून काकडी-टोमॅटोवर राहिले, दहा दिवस. प्रत्येक वेळी सुरुवात जोरात व्हायची आणि कधी थांबलं ते कुणाला कळायचंही नाही. सुरू करतानाच कुणाला सांगितलेलं नसायचं, मग सोडलं तर विचारणार कोण?

जूनमध्ये आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी कठड्याला धरून धापा टाकत उभी होते आणि वरून तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर उतरत होत्या. त्या नर्स आहेत, आम्ही सगळ्या त्यांना सिस्टरच म्हणतो. त्यांनी माझी पिशवी हातातून घेतली, मला वरपर्यंत सोडलं आणि दारात म्हणाल्या, "वहिनी, उद्या साडेपाचला खाली या. मलाही एकटीला चालायचा कंटाळा येतो."

गोल्फ क्लब मैदान आमच्यापासून जवळ आहे. त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण गावात सगळे गोल्फ क्लबच म्हणतात. पहिल्या दिवशी ट्रॅकची एक फेरी झाली आणि मी बाकावर बसले. सिस्टर माझ्या शेजारी बसल्या, पुढे गेल्या नाहीत. मला ते फार लागलं, चांगल्या अर्थानं. महिनाअखेरीला आम्ही सहा जणी झालो होतो. सिस्टर, मी, बँकेतल्या ताई, झेडपीच्या शाळेतल्या मॅडम, मागच्या गल्लीतल्या ६१ वर्षांच्या काकू, आणि आठ महिन्यांचं बाळ सासूकडे ठेवून येणारी एक मुलगी, जिला आम्ही धाकटी म्हणतो. धाकटीनं शिवणाची टेप आणली आणि सगळ्यांचं कमरेचं माप घेतलं. बाईचा कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत असावा, असं आपल्याकडचे डॉक्टर सांगतात. माझा १०४ होता.

आणि मग आम्ही एक मोठी चूक केली. ती नीट सांगते, कारण असे गट बहुतेक वेळा इथेच मोडतात.

आम्ही भिशीसारखं केलं. प्रत्येकीनं महिन्याला २०० रुपये काढायचे, दर रविवारी सगळ्यांसमोर वजन करायचं, वाढलं तर ५० रुपये दंड, आणि महिनाअखेर जिचं सगळ्यात जास्त उतरलं तिला सगळी रक्कम. पहिले दोन रविवार फार उत्साहात गेले. तिसऱ्या रविवारी काकू आल्या नाहीत. चौथ्या रविवारी मॅडमही नाहीत. धाकटी दर शनिवारी रात्री जेवायची बंद झाली होती, बाळाला अंगावर पाजत असताना. आणि त्याच चौथ्या रविवारी बँकेतल्या ताई काट्यावरून उतरता उतरता गरगरल्या. त्यांनी आदल्या दुपारपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. कशासाठी, तर अर्धा किलो कमी दिसावं म्हणून.

त्या दिवशी सिस्टर चिडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं. म्हणाल्या, "काट्यावरचा आकडा आपल्या हातात नसतो. मीठ जास्त गेलं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, तर एक-दीड किलो सहज इकडचं तिकडे होतं. सकाळी यायचं की नाही, ते आपल्या हातात असतं. दंड लावायचाच तर त्याला लावा."

तेव्हापासून वजन ज्याच्या त्याच्या वहीत. रविवारी सकाळी उठल्यावर, पोट रिकामं असताना, आपापल्या घरी करायचं आणि लिहायचं. सांगावंसं वाटलं तर सांगायचं, नाही तर नाही. दंड फक्त एकाच गोष्टीला राहिला, न कळवता न येण्याला, दहा रुपये. कळवलं तर काही नाही. व्हॉट्सअॅपवर रात्री नऊपर्यंत 'येते' किंवा 'नाही' एवढंच टाकायचं. 'किती कमी झालं?' हा प्रश्न आमच्यात कुणी विचारत नाही, आजही नाही. पुढच्या रविवारी काकू परत आल्या.

माझ्यापुरता खरा बदल सप्टेंबरमध्ये झाला. तीन महिने रोज चालूनही माझे जेमतेम दोन किलो उतरले होते. मी ताटात दोन पोळ्या घेत होते, भात अर्धी वाटी. ताटाचे फोटो ग्रुपवर टाकत होते. फोटोतलं ताट खरंच होतं. सिस्टर मला एकटीला गाठून म्हणाल्या, "वहिनी, आठवडाभर फक्त उभ्यानं खाल्लेलं लिहा. बसून खाल्लेलं नको."

एका बुधवारची यादी माझ्या वहीत अजून आहे. पहिली पोळी छान फुगली म्हणून तव्यावरचीच अर्धी, लसणाच्या चटणीबरोबर. बटाट्याच्या भाजीची चव, दोन चमचे, मीठ घातल्यावर पुन्हा एक. झुणक्याच्या कढईची खरपूस खरड, उलथन्यानं काढून. डब्यांत भरून उरलेली तीन भजी. शिऱ्याची चव, एक चमचा, मग गोड कमी वाटलं म्हणून अजून एक. मुलानं नाश्त्याला टाकलेला अर्धा पराठा, वाया कशाला जाऊ द्यायचा म्हणून. मूठभर दाणे, कूट करता करता. हे सगळं साडेसहा ते साडेअकरामध्ये. आणि बाराला मी जेवायला बसून म्हणत होते की आज काही खाल्लेलंच नाही. मी खोटं बोलत नव्हते. मला ते खरंच खाल्ल्यासारखं वाटत नव्हतं, कारण ते कामाचा भाग होतं.

रविवारी बाकावर ती यादी वाचून दाखवताना माझा आवाज फुटेना. वाचून झाल्यावर काकू म्हणाल्या, "माझ्या देवघराच्या खालच्या कप्प्यात शेवेचा डबा असतो. तिथे सून हात लावत नाही." मग मॅडमनी शाळेच्या पर्समधल्या बिस्किटांचं सांगितलं. धाकटीनं रात्री दोनला बाळ झोपल्यावर फ्रीजपाशी उभं राहून काय होतं ते सांगितलं, आणि ते सांगताना ती रडली.

बँकेतल्या ताईंना वाचनाची आवड आहे. त्यांनी तेव्हा जीन नायडेच यांची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली ही गृहिणी, वजन ९७ किलोच्या आसपास. डाएट लावून दिलेलं होतं, पण बिस्किटं सुटेनात. बाथरूममधल्या धुण्याच्या टोपलीत ती बिस्किटं लपवून ठेवायची. १९६१ साली तिनं मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यापुढे ते कबूल केलं. प्रत्येकीकडे लपवलेलं काही ना काही निघालं. त्या बैठका वाढत गेल्या आणि १९६३ मध्ये त्यातून 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली. मला त्यातलं कंपनीचं काही वाटलं नाही. इतक्या लांबच्या एका बाईनं धुण्याच्या टोपलीत आणि आमच्या काकूंनी देवघराखाली, हे ऐकून मात्र माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला वाटत होतं हे माझ्या एकटीचंच आहे, माझ्या स्वभावातच काही खोट आहे.

उपाय सगळ्यांनी मिळून काढला. आता भाजीची चव एकदाच, चहाच्या चमच्यानं, ताटलीत घेऊन आणि बसून. मीठ-तिखट बघण्याचं काम दिवसाआड आमच्या मदतीला येणाऱ्या मावशींचं. लाटायला उभी राहिले की तोंडात लवंग. उरलेली भजी मावशींच्या डब्यात जातात. एवढ्यावर ऑक्टोबरअखेर मी ७८ वर आले. चालणं तेवढंच होतं, वाढवलेलं नव्हतं.

तेलाचं पण सांगायला हवं. घरचा तेलाचा डबा आणि धंद्याचा डबा मी वेगळा ठेवते. घरच्या ५ लिटरच्या डब्यावर आम्ही सगळ्यांनीच फोडल्याची तारीख लिहायला सुरुवात केली. माझ्याकडे चौघांत तो महिनाभर पुरायचा. म्हणजे माणशी दिवसाला ४१ मिली, वजनात साधारण ३८ ग्रॅम. एक ग्रॅम तेलाला ९ कॅलरी धरल्या तर नुसत्या तेलातून ३४० च्या आसपास. फोडणीला पळीनं तेल ओतायची सवय होती, ती मोडून मोजायचा चमचा आणला. पहिला आठवडा मुलानं भाजीला नावं ठेवली, मग त्यालाही सवय झाली. आता तोच डबा पन्नास दिवस जातो. काकू मला म्हणाल्या होत्या की भाकरी सुरू कर, पोळी सोड, आपोआप उतरेल. मी बाजरीच्या तीन-तीन भाकऱ्या खाऊ लागले होते. सिस्टरनी समजावलं, भाकरीही धान्यच, किती खातो ते महत्त्वाचं. आता एक भाकरी आणि वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ, ताक. उसळ वाढवल्यापासून चारच्या सुमाराची ती खा-खा बरीच थांबली.

उपवासांचा धडा श्रावणातच मिळाला होता. आमच्यात चौघींचे सोमवार. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते अगदी खरं आहे, साबुदाण्याची खिचडी, त्यावर दाण्याचं कूट, तूप, वर बटाट्याचा कीस. उपवास कुणी सोडला नाही. तो श्रद्धेचा भाग आहे आणि वजनासाठी तो मोडायला मी कुणाला सांगणार नाही. पण भगर, ताक, फळ असा साधा उपवास सगळ्यांनी मिळून केला तर एकटीला खिचडीची आठवण येत नाही.

आणि मिसळ. नाशकात राहून मिसळ सोडा म्हणणारा सल्ला कुणी दोन महिन्यांच्या वर पाळणार नाही. आम्ही महिन्यातला पहिला रविवार मिसळीचा ठेवला. मैदानावरून थेट जायचं, सहाही जणींनी. पावाची एकच जोडी, तर्री दुसऱ्यांदा मागायची नाही, पापड दोघींत एक. त्या दिवशी कुणाच्या मनात अपराध नसतो आणि बाकीचे तीन रविवार कुणाची तक्रार नसते.

दिवाळी पार पडली. डिसेंबरच्या थंडीत साडेपाचला बाहेर पडणं सोपं नव्हतं. कानाला मफलर, अंगात दोन स्वेटर, हातांना मुंग्या. एकटी असते तर एकही दिवस उठले नसते. पण खाली सिस्टर थंडीत उभ्या आहेत हे माहीत असताना पांघरुणात राहवत नाही. डिसेंबर-जानेवारीत माझं वजन सात आठवडे ७४.५ वर अडकलं. सिस्टर म्हणाल्या, शरीर हलकं झालं की त्याला लागतंही कमी, तेच चालणं आता पुरणार नाही. मग आम्ही शनिवारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या सुरू केल्या. पहिल्यांदा मी सहा वेळा थांबले. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो, हे सिस्टरनी तिथे पायरीवर बसून सांगितलं. मी मनात हिशेब केला, साडेआठ किलोंचे ३४. दहा-दहा किलोंच्या तीन कणकेच्या पिशव्या आणि वर चार किलो. वर पोचल्यावर खाली सगळं नाशिक धुक्यात होतं आणि माझे गुडघे दुखत नव्हते.

फेब्रुवारीत सासूबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तीन आठवडे मी दवाखाना आणि डबे यांच्यामध्ये धावत होते. वडापाव, चहा, बिस्किटं, रात्री अकराला गार भात. ग्रुपवर 'नाही' लिहायचे, मग तेही थांबलं. त्या घरी आल्यावर मी काट्यावर उभी राहिले, ७७.४. जवळजवळ तीन किलो परत. त्या दिवशी मी वही कपाटात ठेवून दिली. जिम, पावडर, काकडी, आणि आता हे. मला ती वाट चांगली ओळखीची होती.

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला खालून हाक आली. "वहिनी!" मी उठले नाही. पुन्हा हाक. सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "अगं, जा की. मला आता सातपर्यंत काही लागत नाही. त्या बायका तीन दिवस झाले खाली येऊन उभ्या राहतात, मी जागीच असते, ऐकते." मला ते माहीतच नव्हतं. तीन दिवस त्या पाचही जणी नुसत्या येऊन पाच मिनिटं थांबून जात होत्या. हाक मारत नव्हत्या, कारण घरात आजारी माणूस आहे. चौथ्या दिवशी काकूंनी न राहवून मारली.

मी गाउनवरच ओढणी घेऊन खाली गेले. म्हटलं, "तीन किलो वाढलेत." काकू म्हणाल्या, "आम्ही विचारलं का?" आणि चालायला लागल्या.

तीन किलो उतरायला दोन महिने गेले. आज माझं वजन ७१ आहे, कमर ९२, आणि जुलैच्या तपासणीत साखर ५.८ आली. अजून उंबरठ्यावरच आहे, पण उलट्या दिशेनं तोंड आहे. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी तपासायला सांगितलं आहे.

गट आता अकरा जणींचा झाला आहे. नवीन येणारीला आम्ही सांगतो, एकटी येऊ नकोस, जाऊ, नणंद, शेजारीण, कुणालातरी घेऊन ये. ताईंनी यावरचा १९९९ सालचा एक अमेरिकी अभ्यास वाचून दाखवला होता. एकट्यानं येऊन नेहमीचा कार्यक्रम केलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी तो पुरा केला आणि २४ टक्क्यांनी उतरलेलं वजन पुढचे सहा महिने पूर्ण टिकवलं. मित्र-मैत्रिणींबरोबर आलेल्या आणि एकमेकांना धरून राहायला शिकवलेल्यांमध्ये हेच आकडे ९५ आणि ६६. मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. उतरवणं मला पावडरवरही जमलं होतं.

गेल्या आठवड्यात मॅडम आल्या नाहीत. दोन दिवस 'नाही', मग काहीच नाही. त्यांच्या मुलाचं बारावीनंतरच्या प्रवेशाचं काही बिनसलंय, एवढं कळलं. शुक्रवारपासून आम्ही मैदानाकडे जाताना त्यांच्या गल्लीतून जातो. पाच मिनिटं थांबतो. श्रावणाची भुरभुर चालू असते, छत्र्या मिटून पोर्चमध्ये उभ्या राहतो, त्यांच्या मोगऱ्याच्या कुंडीशेजारी. काल त्यांच्या स्वयंपाकघराचा दिवा लागला आणि खिडकीतून त्यांनी हात केला, खाली आल्या नाहीत. आज सोमवार, त्यांचा उपवास असतो. मी ताकाची बाटली आणि भगरीचा छोटा डबा त्यांच्या दाराच्या कडीला अडकवून आले. उद्या साडेपाचला हाक मारायची पाळी माझी आहे.